ग्रोथ हार्मोनचं पेन, रोज रात्री पावणेनऊला: चौदा महिने वापरल्यावरचा रिव्ह्यू

मिक्सरचा, मोबाईलचा रिव्ह्यू सगळेच लिहितात, माझ्या लेकीच्या शरीरात उंची वाढवणारं ग्रोथ हार्मोन कमी बनतं, ते रोज ज्या इंजेक्शनच्या पेननं देतो त्याचा मी लिहितेय. कारण लेकीचं सुरू व्हायच्या आधीचे आठ-दहा दिवस मी रात्री जागून शोधत होते की घरी हे नक्की कसं देतात, किती वाजता देतात, दुखतं का, विसरलं तर काय, आणि एखाद्या आईनं आपल्या भाषेत सगळं सांगितलंय असं मला काही मिळालं नाही. तेव्हा मला जे वाचायला हवं होतं ते आता लिहून ठेवते. पेनचा ब्रँड सांगत नाही, कारण तो आपण निवडायचा नसतो, डॉक्टर ठरवतात. आणि नॉर्डिट्रोपिन, जेनोट्रोपिन, ह्युमाट्रोप, सायझेन, ऑम्निट्रोप कुठलंही घ्या, आत औषध एकच, सोमाट्रोपिन. फरक पेनमध्ये असतो. काहींत पावडर आणि पाणी वेगळं असतं आणि पेनमध्येच मिक्स करावं लागतं, आमचं तयार लिक्विड भरलेलं येतं, संपलं की अख्खं पेन टाकून द्यायचं.

आधी थोडं आमच्याबद्दल. आम्ही सातारचे. लेक सव्वाआठ वर्षांची असताना तिची उंची १११ सेंटीमीटर होती. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत कायम पहिली, गुबगुबीत गाल, बाहुलीसारखा चेहरा, दात उशिरा पडले, आणि सगळे म्हणायचे किती गोड आहे, वाढेल की, बापाची उंची घेईल. मी पण तेच म्हणत राहिले, त्याचं मला अजून वाईट वाटतं. शेवटी तिच्या बालरोगतज्ज्ञ मॅडमनी जुन्या फाईलमधल्या नोंदी काढून वाढीच्या तक्त्यावर टिंबं मांडली आणि दाखवलं की मागच्या अख्ख्या वर्षात पोरगी साडेतीनच सेंटीमीटर वाढलीय. त्या वयात वर्षाला पाच-सहा तरी व्हायला पाहिजे. पाच वर्षांपुढच्या मुलांसाठी आपल्याकडे भारतीय मुलांचेच तक्ते आहेत, इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे २०१५ चे, बालरोगतज्ज्ञांकडे असतात. तुमच्या मुलाची टिंबं त्यावर कुणी मांडत नसेल तर मागून घ्या, नुसतं "बरोबर आहे" वर समाधान मानू नका. आईबापाच्या उंचीवरून पण अंदाज काढतात, मुलगी असेल तर दोघांची बेरीज करून त्यातून १३ वजा करायचे आणि निम्मे करायचे. ह्यांची १७०, माझी १५५, म्हणजे १५६ च्या आसपास यायला हवी, आणि ती ज्या रेषेवर चालली होती ती कुठल्या कुठे खाली जात होती.

मग पुण्याला मुलांच्या हार्मोनच्या डॉक्टरांकडे, म्हणजे पेडियाट्रिक एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे. आधी साध्या तपासण्या, थायरॉइड, हिमोग्लोबिन, गव्हाची अ‍ॅलर्जी म्हणतात त्या सिलिअ‍ॅकची, मुलगी आहे म्हणून टर्नर सिंड्रोम, म्हणजे मुलींची उंची खुंटवणारा जन्मजात दोष, त्यासाठी क्रोमोसोमची तपासणी, आणि डाव्या हाताचा एक्स-रे. त्या एक्स-रेत हाडांचं वय कळतं, हिचं आठच्या ऐवजी साडेपाच आलं. मला धक्का बसला पण डॉक्टर म्हणाले ही उलट चांगली गोष्ट आहे, हाडं मागे आहेत म्हणजे वाढायला वाव आहे.

ग्रोथ हार्मोन एकदाच रक्त काढून कळत नाही, कारण ते दिवसभर सारखं नसतं, लाटांसारखं येतं आणि मधल्या वेळात जवळजवळ शून्य असतं. म्हणून औषध देऊन पिट्युटरीला, म्हणजे मेंदूखालच्या ज्या ग्रंथीतून हे हार्मोन येतं तिला, डिवचतात आणि दर अर्ध्या तासानं रक्त घेतात, सुई एकदाच टोचून ठेवतात त्यामुळे पुन्हा पुन्हा टोचत नाहीत. आमची पहिली टेस्ट क्लोनिडिन नावाच्या औषधाची होती, उपाशीपोटी, त्यात बीपी उतरतं आणि खूप झोप येते, लेक अख्खा वेळ माझ्या मांडीवर झोपून होती आणि नंतर पण संध्याकाळपर्यंत पेंगत होती, त्यामुळे त्या दिवशी लगेच सातारला निघायचं ठरवू नका. दुसरी टेस्ट ग्लुकागॉनची, ती लांबते आणि मळमळतं. दोन वेगवेगळ्या टेस्ट लागतात, एकीवर ठरवत नाहीत. हार्मोनचा आकडा दहाच्या वर जायला हवा असं धरतात, हिचं दोन्हीत चारच्या आसपासच थांबलं. त्यानंतर मेंदूचा एमआरआय, त्यात पिट्युटरी लहान दिसली, बाकी गाठबिठ काही नाही. त्या एका ओळीसाठी आम्ही दोघं रिपोर्ट हातात घेऊन पार्किंगमध्ये किती वेळ बसलो होतो.

घरी सांगितल्यावर सासूबाई घाबरल्या. हार्मोन म्हणजे पोरीला मिशा येतील का, पुढे मूल होईल का, हे स्टिरॉइड तर नाही ना. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, मलाही तेच प्रश्न होते फक्त मी विचारले नव्हते. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून समजावलं की हे स्टिरॉइड नाही, स्त्रीचं पुरुषाचं हार्मोन पण नाही, हे एक प्रोटीन आहे, १९१ अमिनो आम्लांची साखळी, आणि आपल्या शरीरात जे बनतं हुबेहूब तेच. प्रोटीन आहे म्हणूनच गोळी नाही मिळत, पोटात गेलं की डाळीसारखं पचून जाईल. पूर्वी हे मेलेल्या माणसांच्या पिट्युटरी ग्रंथीतून काढायचे, १९५० च्या दशकाच्या शेवटापासून, आणि त्यातून काही मुलांना पुढे मेंदूचा जीवघेणा आजार झाला म्हणून १९८५ साली ते बंद केलं. त्याच वर्षी प्रयोगशाळेत जिवाणूंकडून बनवून घेतलेलं हार्मोन अमेरिकेत मंजूर झालं. आता सगळं असंच, लॅबमध्ये बनवलेलं. हे ऐकून सासूबाईंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, पण त्या एवढंच म्हणाल्या की मग रोज टोचायचं कुणी.

तर पेन. दिसायला जाड मार्करसारखं, इन्सुलिनचं पेन पाहिलं असेल तर तसंच. आमचं १० मिलिग्रॅमचं आहे, दीड मिलि लिक्विड. मागे फिरवायचं बटण, बाजूला छोटी खिडकी, त्यात डोसचा आकडा दिसतो, एक क्लिक म्हणजे ०.०५ मिलिग्रॅम. डोस वजनावर ठरतो, हार्मोनची कमतरता असलेल्या मुलांना साधारण किलोला दिवसाला ०.०२५ ते ०.०३५ मिलिग्रॅम, टर्नरच्या मुलींना जास्त लागतो. लेक २१ किलोची होती, तर ०.७ वर सुरुवात झाली. म्हणजे एक पेन चौदा दिवस. हा हिशोब पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर मांडा, कारण पेन संपायच्या दिवशी मेडिकलवाला "उद्या येईल" म्हणाला तर काय करणार. वजन वाढलं की डोस वाढतो, आता ०.८ आहे, म्हणजे बारा दिवस होतात आणि अर्धा डोस उरतो. तो वाया जात नाही. बटण दाबलं की खिडकीत जेवढं द्यायचं बाकी राहिलं तो आकडा दिसतो आणि तेवढं नव्या पेनमधून द्यायचं. दोनदा टोचावं लागतं त्या रात्री, लेकीला ते आवडत नाही, तर आदल्या रात्रीच सांगून ठेवते.

एक गोष्ट इथे ठळकपणे सांगते. काही ब्रँड मिलिग्रॅममध्ये असतात, काही युनिटमध्ये. एक मिलिग्रॅम म्हणजे तीन युनिट. एका मेडिकल स्टोअरनं मला "हेच आहे ताई, कंपनी वेगळी" म्हणून युनिटवालं पेन हातात ठेवलं होतं. मी घरी येऊन खिडकीत ०.७ शोधत बसले आणि मग लक्षात आलं की यात ०.७ लावलं असतं तर पोरीला तिसरा हिस्साच मिळाला असता, लावायला हवे होते २.१. ब्रँड बदलायचा तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, आणि बदलला तर पेन पुन्हा पहिल्यापासून शिकून घ्यायचं.

आता केव्हा द्यायचं. रात्री, झोपायच्या आधी. कारण सांगते, मला हे फार आवडलं होतं ऐकायला. मूल झोपलं की पहिल्या गाढ झोपेत पिट्युटरी दिवसातली सगळ्यात मोठी लाट सोडते, आपली आजी म्हणायची झोपेत पोर वाढतं ते खोटं नव्हतं. तर इंजेक्शन त्या नैसर्गिक वेळेच्या जवळ जावं म्हणून रात्री. जेवणाशी याचा संबंध नाही, इन्सुलिनसारखं आधी-नंतर पाहावं लागत नाही. आमचं जेवण आठला, गृहपाठ, दात घासणं, आणि पावणेनऊला इंजेक्शन, नऊला अंथरुणात. घड्याळाला बांधून घ्यायची गरज नाही, लग्नाला गेलो तर साडेदहाला पण दिलंय, पण रोजची एक वेळ असली की मुलांची कटकट कमी होते, कारण मग तो वादाचा विषय राहत नाही, दात घासण्यासारखं होतं. डॉक्टरांनी आम्हाला आठवड्याचे सातही दिवस सांगितलंय, काहींना सहा दिवस देतात.

कसं द्यायचं ते सविस्तर लिहिते, कारण इथेच लोक घाबरतात. पेन फ्रिजमधून पंधरा-वीस मिनिटं आधी काढून ठेवायचं, गार लिक्विड जास्त चरचरतं. हात साबणानं धुवायचे. पेनमधलं औषध पाण्यासारखं स्वच्छ दिसलं पाहिजे, गढूळ किंवा कण दिसले तर वापरायचं नाही, आणि पेन कधीच जोरात हलवायचं नाही, प्रोटीन बिघडतं. सुई दरवेळी नवीन, आम्ही ४ मिलिमीटरची ३२ गेजची वापरतो, केसासारखी बारीक असते. नवीन पेन असेल तर आधी एक थेंब बाहेर काढून बघायचा, टोकावर थेंब दिसला म्हणजे रस्ता मोकळा आहे. मग डोस लावायचा. क्लिक मोजून नाही, खिडकीतला आकडा बघून. लेक चौदा क्लिक मोठ्यानं मोजायची, मोजू द्या, पण तुम्ही खिडकीकडेच बघा. स्पिरिटचा बोळा फिरवला तर तो पूर्ण सुकू द्यायचा, ओलं असताना टोचलं की झोंबतं आणि मुलाला वाटतं सुई दुखली. कातडी हलक्या चिमटीत धरायची, सुई सरळ आत, बटण शून्य येईपर्यंत दाबायचं आणि मग दाबलेलंच ठेवून दहापर्यंत मोजायचं. हे दहा आकडे फार महत्त्वाचे. मी सुरुवातीला तीनवरच काढून घ्यायचे, पोर रडतेय म्हणून, आणि दरवेळी कातडीवर थेंब राहायचा. तो थेंब म्हणजे वाया गेलेलं औषध, तिच्या उंचीचा हिस्सा. तेव्हापासून आम्ही दोघी मिळून दहा मोजतो, ती मराठीत, मी मनात.

झालं की सुई काढून टाकायची, पेनवर लावलेली ठेवायची नाही, नाहीतर हवा जाते, गळतं आणि दुसऱ्या दिवशीचा डोस चुकतो. सुया आम्ही फ्लोअर क्लीनरच्या जाड बाटलीत टाकतो, झाकण घट्ट, भरली की ज्या दवाखान्यात जातो तिथे नेऊन देतो. घरच्या कचऱ्यात मोकळी सुई टाकू नका, कचरा उचलणाऱ्या बाईच्या हाताला लागते.

जागा रोज बदलायची. उजवी मांडी, डावी मांडी, कुल्ल्याचा वरचा बाहेरचा भाग दोन्हीकडे, पोट पण चालतं, फक्त बेंबीपासून दोन इंच लांब. एकाच ठिकाणी रोज दिलं तर तिथली चरबी एकतर खड्डा पडल्यासारखी वितळते नाहीतर गाठ होते, आणि मग तिथून औषध नीट शोषलं जात नाही. आम्ही फ्रिजवर माणसाचं चित्र काढून लावलंय आणि लेक रोज तिथे स्टिकर लावते, उद्या कुठे हे तिलाच माहीत असतं. हा निर्णय तिच्या हातात दिल्यापासून अर्धी भांडणं संपली. तिचं मत असं की मांडीपेक्षा कुल्ल्यावर कमी दुखतं, आणि हे तिनं स्वतः तपासून सांगितलंय.

आता सर्व्हिसबद्दल. कंपनीकडून घरी शिकवायला एक नर्स सिस्टर आल्या होत्या, मोफत, दोन संध्याकाळी. त्यांना मी पाचपैकी पाच देते आणि कमीच वाटतात. पहिल्या दिवशी त्यांनी आधी नमुन्याच्या पेननं मला उशीवर टोचायला लावलं, मग स्वतःच्या पोटावर रिकामी सुई टोचून दाखवली, औषध न देता, आणि म्हणाल्या आता तुम्ही. मी स्वतःला टोचलं तेव्हा कळलं की मुंगी चावण्याएवढं पण नाही. मग लेकीला म्हणाल्या, आईनं घेतलं बघ. त्या रात्री पहिलं खरं इंजेक्शन मी दिलं. माझे हात थरथरत होते, ह्यांनी तिचा हात धरला होता आणि ते तोंड फिरवून उभे होते. झाल्यावर तिनं विचारलं, झालं? एवढंच? आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. ज्यांना अशी सिस्टर मिळत नाही त्यांनी डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये हट्ट करून दोन-तीनदा समोर देऊन दाखवा, व्हिडिओ बघून हे शिकू नका.

सगळ्यात जास्त त्रास झाला तो थंडाव्याचा. औषध २ ते ८ डिग्रीत राहायला हवं, आणि गोठलं तर संपलं, पुन्हा वितळवून चालत नाही. आमच्या पेनला उघडल्यावर फ्रिजमध्ये चार आठवडे मुदत आहे, आमचं त्याआधीच संपतं. पहिल्याच महिन्यात एका मोठ्या मेडिकलमधून घरपोच मागवलं तर पोरानं कॅरीबॅगमध्ये आणलं, दगडासारख्या गोठलेल्या जेल पॅकला चिकटलेलं. पेनच्या काचेवर बर्फ होता. मी परत घ्या म्हणाले तर दुकानदार म्हणे गार आहे म्हणजे चांगलंच आहे की ताई. त्याला कळत नव्हतं असं मी समजू शकते, पण त्यानं विचारूनही घेतलं नाही, पैसे पण परत दिले नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं वापरू नका, आणि हजारोंचं औषध आम्ही टाकून दिलं. तेव्हापासून मी स्वतः जाऊन आणते, थर्मासचा छोटा डबा, आत जेल पॅक, त्यावर रुमाल, त्यावर पेन. पेन आणि बर्फ एकमेकांना कधीच लागू द्यायचे नाहीत. आता ज्या दुकानातून घेते तिथले काका बिल करताना फ्रिजचं तापमान आपणहून दाखवतात, तिथे मी पंधरा मिनिटं जास्त चालून जाते.

घरच्या फ्रिजमध्ये सुद्धा जागा बघून ठेवा. फ्रीझरखाली किंवा मागच्या भिंतीला टेकून नाही, तिथे गोठतं. दारात नाही, सारखं उघडझाप होतं. आम्ही मधल्या कप्प्यात स्टीलच्या डब्यात ठेवतो आणि शेजारी एक साधा डिजिटल थर्मामीटर. उन्हाळ्यात लाईट गेली तर फ्रिजचं दार उघडायचं नाही एवढा एकच नियम घरात, सासूबाई त्या बाबतीत माझ्यापेक्षा कडक आहेत, दही लागलं तरी उघडू देत नाहीत.

मे महिन्यात माहेरी गुहागरला गेलो, एसटीनं, पाटणवरून कुंभार्ली घाट उतरून. घाट उतरला की चिपळूणचा तो दमट उकाडा तुम्हाला माहीत असेल. पाण्यात भिजवून थंड राहणारं इन्सुलिनचं पाऊच मिळतं ते घेतलं होतं, बर्फ लागत नाही त्याला, पण ते पाऊच फ्रिज नव्हे, प्रवासाच्या काही तासांपुरतंच धरा, आणि दमट हवेत ते कोरड्या हवेइतकं गार राहत नाही हे पण लक्षात घ्या. पोचल्या पोचल्या आजीच्या फ्रिजमध्ये. पेन उघडल्यावर २५ डिग्रीच्या आत असेल तर आमच्या ब्रँडला तीन आठवडे बाहेर चालतं, पण कोकणात मे महिन्यात २५ डिग्री कुठली, तेव्हा त्या भरवशावर जाऊ नका. विमानानं जाणार असाल तर डॉक्टरांचं पत्र घ्या आणि हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकायचं नाही.

एखादी रात्र चुकली तर? आमच्या चुकल्यात, मोजून चार. दुसऱ्या रात्री नेहमीचाच डोस, डबल कधीच नाही. सर्दी-ताप असताना आमच्या डॉक्टरांनी चालू ठेवायला सांगितलं, पण मूल खूप आजारी असेल, अ‍ॅडमिट करायची वेळ आली तर देण्याआधी फोन करायचा, हे त्यांनी फाईलवर लिहून दिलंय.

त्रास म्हणाल तर दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस डोकं दुखलं आणि आपोआप थांबलं. पण डोकेदुखीसोबत उलटी किंवा नजर धूसर होत असेल तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर. तसंच मूल लंगडायला लागलं, खुब्यात किंवा गुडघ्यात दुखतंय म्हणालं तरी, खुब्याच्या हाडाचं टोक घसरू शकतं या औषधात, दुर्मिळ आहे पण माहीत असावं. पाठीचा कणा बघतात, साखर बघतात, थायरॉइड पुन्हा पुन्हा बघतात कारण हे सुरू झाल्यावर लपलेली थायरॉइडची कमतरता वर येऊ शकते. आमची दर तीन महिन्यांनी पुण्याची फेरी असते, खंबाटकी घाटातली गाणी ठरलेली आहेत आता. आयजीएफ-१ नावाची रक्ततपासणी करतात, त्यावरून कळतं डोस पुरतोय का जास्त होतोय. फेरी चुकवू नका, डोस तिथेच ठरतो.

आणि फरक? आधी भूक वाढली. जी मुलगी अर्धी पोळी टाकून उठायची ती दीड मागायला लागली. मग पाय वाढले, जूनमध्ये घेतलेले शाळेचे बूट दिवाळीला चावायला लागले. उंची घरी रोज मोजू नका, मी मोजायचे आणि रोज निराश व्हायचे. सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा सेंटीमीटरभर उंच असतो, त्यामुळे मोजायचं तर महिन्यातून एकदा, सकाळी, त्याच भिंतीला, अनवाणी. पहिल्या वर्षात ती ९ सेंटीमीटर वाढली. साडेतीनवरून नऊ. आता १२१.५ आहे आणि प्रार्थनेच्या रांगेत तिसरी उभी राहते. तिच्या मामानं तिला सांगितलंय की मेस्सीला पण लहानपणी हेच होतं, तो पण रात्री पायात इंजेक्शन घ्यायचा आणि बार्सिलोना क्लबनं त्याचा खर्च उचलला. फुटबॉल तिनं कधी बघितला नाही पण मेस्सी आपला माणूस आहे असं ती वर्गात सांगते.

खर्च मात्र जड आहे, हे स्पष्टच सांगते. दर महिन्याला पाच आकडी, आणि वजन वाढेल तसा वाढतो. आमच्या मेडिक्लेममध्ये बसलं नाही कारण अ‍ॅडमिट नसतो. काही कंपन्यांचे पेशंटसाठी सवलतीचे प्रोग्रॅम असतात, डॉक्टरांच्या असिस्टंटला विचारा, लाजू नका. आम्ही नवीन गाडीचा विचार सोडला आणि पुन्हा सोडावा लागला तरी सोडू.

आठवड्यातून एकदाच घ्यायची इंजेक्शनं पण आलीत, अमेरिकेत मुलांसाठी पहिलं २०२१ ला मंजूर झालं आणि मग २०२३ मध्ये आणखी दोन. मी विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले रोजच्या इंजेक्शनचा अनुभव कितीतरी वर्षांचा आहे, तुमची मुलगी नीट घेतेय, डोस नीट बसलाय, आत्ता बदलायचं कारण नाही. ज्यांच्या घरी रोजची रात्र युद्धासारखी जाते त्यांनी आपल्या डॉक्टरांशी जरूर बोलावं.

माझ्या जावेच्या मैत्रिणीनं विचारलं, तिचा मुलगा अठराचा आहे, उंची कमी वाटते, त्याला चालेल का. त्या वयात बहुतेकांची हाडांची टोकं जुळलेली असतात, आणि ती जुळली की उंची वाढत नाही, मग नुसते साइड इफेक्ट. जिममध्ये कुणी देत असेल तर लांब राहा. म्हणूनच ज्यांना खरंच कमतरता आहे त्यांनी लवकर जायचं असतं, आम्ही सहाव्या वर्षी गेलो असतो तर दोन वर्षं जास्त मिळाली असती. मुलींचं साधारण हाडांचं वय चौदाच्या आसपास गेलं किंवा वाढ वर्षाला दोन सेंटीमीटरच्या खाली आली की थांबवतात, म्हणजे आमच्या पुढे अजून बऱ्याच रात्री आहेत.

पेनला चार स्टार. खिडकीतले आकडे बारीक आहेत, सासूबाईंना चष्मा लावूनही दिसत नाहीत, म्हणून मी गावाला गेले की ह्यांनाच थांबावं लागतं, तेवढ्यासाठी एक कमी. सिस्टरना पाच. बर्फाला चिकटवून औषध पाठवणाऱ्या दुकानाला एकही नाही.

गेल्या आठवड्यापासून डोस ती स्वतः लावते. मी खिडकी बघते, ती फिरवते, सोळा क्लिक झाले की माझ्याकडे बघते आणि मी हो म्हटल्याशिवाय पुढे जात नाही. टोचायचं अजून मीच, ते तिला दहा वर्षांची झाल्यावर करायचंय असं तिनंच ठरवलंय. कुणाला काही विचारायचं असेल तर खाली लिहा, उत्तर देते, फक्त साडेआठ ते नऊ मध्ये नाही.